आधी पांढऱ्याकडे बघा

रात्रीची मालिका चालू असते. वाड्याच्या माळ्यावर कुणीतरी कंदील विझवून दबक्या पावलांनी चालतं आणि राजेंद्रनगरातल्या एखाद्या दिवाणखान्यात आजींपासून नातवापर्यंत सगळे एकमेकांना विचारतात, "कोण होतं ते?" इंदूरच्या मराठी घरांतही टीव्ही अंधारा दिसण्याची तक्रार बहुधा अशीच सुरू होते. मग रिमोट हातात घेऊन ब्राइटनेस शंभरावर नेतात. माळ्यावरचा माणूस दिसतो खरा, पण काळा रंग राखाडी होतो आणि दुसऱ्या दिवशी बातम्या देणारी बाई फिकुटलेली दिसते. शेवटी कारागिराला फोन जातो. तो येतो, टीव्हीच्या पाठीवर टिचकी मारतो आणि म्हणतो, "भिया, पट्टी गई," म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांची पट्टी जळाली. कधी ते खरं असतं, पुष्कळदा नसतं.

टीव्ही अंधारा का दिसतो याची कारणं बरीच आहेत, पण ती दोन टोळ्यांत मोडतात आणि कुठली टोळी ते ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. पडद्यावरच्या सगळ्यात पांढऱ्या जागेकडे बघायचं: वाहिनीचं बोधचिन्ह, खाली सरकणारी बातमीची ओळ, क्रिकेटचा धावफलक. पांढरं जर धुळकट, पिवळट किंवा मंद दिसत असेल तर प्रकाशच कमी पडतो आहे. पांढरं लख्ख असेल आणि तरीही माळ्यावरचा माणूस दिसत नसेल, तर दिव्याचा दोष नाही. प्रकाश पुरेसा आहे, फक्त काळ्याच्या आसपासच्या छटा गाडल्या गेल्या आहेत. पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध दिलं की चित्र राखाडी होतं. दुसऱ्यावर पहिल्याचं दिलं तर डोळे दुखतात आणि अंधार तसाच राहतो. हे बघताना मोबाइलने पडद्याचा फोटो काढून त्यावरून निकाल लावू नये. कॅमेरा आपलं एक्स्पोजर स्वतःच वरखाली करतो, त्यामुळे मेलेला टीव्हीही फोटोत बरा दिसतो.

एलईडी टीव्ही म्हणून आपण जो घेतो तो मुळात एलसीडी असतो. समोरचं काचेचं पॅनल स्वतः प्रकाश देत नाही. मागे पट्ट्यांवर बसवलेल्या पांढऱ्या एलईडी पेटलेल्या असतात आणि पुढे लाखो बारीक झडपा त्यांचा प्रकाश कमी-जास्त अडवतात. दिवा किती जोरात पेटायचा ते ठरवते बॅकलाइट. झडप पूर्ण बंद झाल्यावर किती काळं दिसायचं ते ठरवत आला आहे ब्राइटनेस, आणि पूर्ण उघडल्यावर किती पांढरं ते कॉन्ट्रास्ट. पिक्चर ट्यूबच्या काळापासून ब्राइटनेस या नावामागे काळ्याची पातळीच होती. नाव उजेडाचं आणि काम अंधाराचं, अशी ही जुनी गफलत आहे.

कंपन्यांनी तिच्यात आणखी भर घातली. सोनीच्या गेल्या काही वर्षांतल्या सेटांवर ब्राइटनेस म्हणजे बॅकलाइट असतो आणि काळ्याची पातळी ब्लॅक लेव्हल या नावाने वेगळी असते. सॅमसंगच्या नव्या सेटांवरही ब्राइटनेस दिव्याचाच, आणि सावल्यांसाठी शॅडो डिटेल. एलजीवर जुन्या सेटात बॅकलाइट, नव्यात पॅनल ब्राइटनेस. स्वस्त सेटांवर मात्र अजून जुनीच पद्धत सापडते. आपल्या सेटावर कुठली, हे ओळखायला वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला चित्रपट लावा आणि ब्राइटनेस शून्यावरून शंभरावर न्या. त्या पट्ट्याच राखाडी होऊ लागल्या आणि पांढऱ्यात फारसा फरक पडला नाही, तर ती काळ्याची पातळी आहे. पांढरं स्पष्ट उजळलं तर तो दिवा.

आता मंद पांढऱ्याची टोळी. इथे पहिला संशयित वीजबचत. नवा टीव्ही पहिल्यांदा लावताना होम की स्टोअर असं विचारतो. होम निवडलं की बहुतेक सेट काटकसरीच्या मोडवर उभे राहतात. स्टोअर निवडणं हा त्यावरचा उपाय नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगझगाटासाठी केलेला तो मोड घरात रंग भडक करतो आणि दिवे सतत पूर्ण जोरात जाळतो. पिक्चर मोड इकोवर असेल तर स्टँडर्ड करा. मग पिक्चरच्या पानावर नव्हे, तर जनरल किंवा पॉवरच्या पानावर जाऊन एनर्जी सेव्हिंग बंद करा. पुष्कळ लोक पिक्चरची पानं उलथीपालथी करतात आणि हे पान उघडतच नाहीत.

दुसरा संशयित म्हणजे खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर. तो बहुधा खालच्या चौकटीत, रिमोटच्या डोळ्याजवळ असतो. खोली अंधारली की तो दिवा कमी करतो, म्हणजे रात्रीची मालिका बघायला दिवे मालवले की नेमका तेव्हाच. टीव्हीखाली गणपतीची मूर्ती, साउंडबार किंवा फोटोफ्रेम ठेवून तो झाकला गेला असेल तर त्याच्या लेखी भरदुपारीही रात्र असते. तपासणी सोपी आहे: सेन्सरवर बोट ठेवून दहा-पंधरा सेकंद थांबा. चित्र हळूच मंदावलं तर चोर सापडला.

तिसरा संशयित, ज्याचं नावही कुणी घेत नाही, तो हालचाल स्वच्छ दिसावी म्हणून दिलेला पर्याय. चेंडू धूसर दिसू नये म्हणून हा पर्याय दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर काळोख घालतो. कंपनीगणिक नावं वेगळी असली तरी मोशनच्या पानावर क्लिअर किंवा क्लॅरिटी असा शब्द दिसला की तो बंद करून पाहावा. दिवा अर्धा वेळ विझलेला असेल तर पडद्यावरचा प्रकाशही जवळपास अर्धा होतो. आयपीएलच्या दिवसांत कुणीतरी तो चालू करतं आणि पावसाळ्यापर्यंत टीव्ही जुना झाला असं घरात ठरून जातं.

आणि खोली. माळव्यातल्या संध्याकाळींचं कौतुक जुनं आहे, पण पश्चिमेला गॅलरी असलेल्या फ्लॅटात एप्रिलमधले चार वाजले की त्या कौतुकाचा टीव्हीला काही उपयोग नसतो. काळा रंग म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि पडद्यावर खिडकीचा प्रकाश पडला की तो अभाव उरत नाही. टीव्ही कितीही पैसे खर्चून आणला तरी त्याचा काळा रंग त्या खोलीतल्या बंद टीव्हीहून काळा होऊ शकत नाही. दुपारी टीव्ही बंद करून पडद्याकडे बघा. जेवढी खिडकी त्यात दिसते, तेवढं चित्र गेलं. टीव्ही खिडकीसमोरून हलवून खिडकीच्या भिंतीला काटकोनात आणणं हे कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठं काम करतं. ते जमत नसेल तर जाड पडदा. मुलांच्या चेंडूपासून वाचवायला पुढे ॲक्रिलिकचा गार्ड लावला असेल, तर त्याच्या दोन्ही पृष्ठांवर मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परततो, आणि बाहेरच्या उजेडासाठी तो आणखी एक आरसा होतो.

स्टॅबिलायझर लावल्याने चित्र उजळेल ही समजूतही इथेच निकालात काढू. आजच्या सेटाच्या पाठीवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आतला स्विचिंग पॉवर सप्लाय वीज कमी आली तरी पुढे तेवढेच व्होल्ट देतो. उन्हाळ्यात व्होल्टेज 180 वर आलं म्हणून चित्र मंद होत नाही. पिक्चर ट्यूबच्या जुन्या सेटांत चित्र आकसायचं, त्याची ही आठवण असावी. अचानक वाढलेल्या विजेपासून जपायचं असेल तर तो वेगळा मुद्दा, आणि तिथे चांगला सर्ज प्रोटेक्टर हवा.

पांढरं लख्ख आणि काळं गाडलेलं, ही दुसरी टोळी जास्त चलाख आहे. तिला पकडायला एक चाचणीचित्र घरच्या घरी करता येतं. संगणकावर 1920 बाय 1080 आकाराचं पूर्ण काळं चित्र घ्या. त्यावर पाच रुंद उभ्या पट्ट्या काढा. पहिल्या पट्टीत लाल, हिरवा, निळा तिन्ही 4, पुढचीत तिन्ही 8, मग 12, 16 आणि 20. पीएनजी म्हणून जतन करून पेनड्राइव्हवरून टीव्हीवर उघडा. रात्री, नेहमी बघता तेवढ्याच उजेडात, काळ्याची पातळी एकेक अंकाने हलवा. 4 ची पट्टी हरवली तरी चालेल, 8 ची जेमतेम दिसली पाहिजे, 12 ची निश्चित. 20 ची पट्टीसुद्धा दिसत नसेल तर माळ्यावरचा माणूस कसा दिसणार? सगळ्या पट्ट्या ढळढळीत दिसतात आणि पार्श्वभूमीही करडी आहे, अशी अवस्था असेल तर पातळी फार वर गेली आहे. काही सेट पेनड्राइव्हवरचा फोटो पीएनजीमध्ये उघडत नाहीत, तिथे सर्वांत वरच्या दर्जाचा जेपीईजी करावा.

काळ्याची पातळी जागेवर आली तरी मधल्या सावल्या जड वाटत असतील तर गॅमा बघायचा. सावलीपासून उजेडापर्यंत चढण किती तीव्र ते गॅमा ठरवतो. काळ्या खोलीसाठी 2.4, साध्या घरासाठी 2.2. जिथे आकडे दिसतात तिथे आकडा जितका लहान तितकं चित्र उजळ. सोनी आणि सॅमसंगवर मात्र उणे तीन ते अधिक तीन अशी पट्टी असते आणि तिथे अधिककडे गेलं की उजळतं. हा उलटा हिशेब लक्षात नसला की माणूस दुरुस्ती करता करता अंधार वाढवतो. दिवाणखान्यासाठी माझा कौल असा: काळ्याची पातळी चाचणीवर लावून तिथेच ठेवा आणि नंतर उजेड हवा असेल तर गॅमा एक पायरी हलवा. त्या पातळीला पुन्हा हात लावू नका.

पेनड्राइव्हवर सगळं ठीक दिसतं आणि सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप लावला की अंधार, असं झालं तर वायरीच्या दोन टोकांचं एकमेकांशी पटत नाही. चित्रवाणीच्या जगात 8 बिटांच्या मोजणीत काळं म्हणजे 16 आणि पांढरं म्हणजे 235. संगणकाच्या जगात काळं 0 आणि पांढरं 255. लॅपटॉपने 0 ते 255 पाठवलं आणि टीव्ही 16 ते 235 ची वाट बघत बसला, की 16 च्या खालचं सगळं एकच काळं आणि 235 च्या वरचं सगळं एकच पांढरं. याची खूण पक्की आहे: काळ्या कोटाच्या घड्या आणि पांढऱ्या साडीचा पोत, दोन्ही एकाच वेळी गायब होतात. केवळ काळ्याची पातळी बिघडली तर साडी शाबूत राहते. उलट गफलत झाली तर चित्र धुतल्यासारखं फिकं होतं. इलाज असा की दोन्ही टोकांना एकच भाषा बोलायला लावायची. बॉक्सवर किंवा लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये लिमिटेड निवडा आणि टीव्हीवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल लो, किंवा सोनीवर व्हिडिओ रेंज लिमिटेड. ऑटो बरोबर काम करत असेल तर उत्तम, पण संशय आला की ऑटोवर भिस्त ठेवू नये.

एकत्र कुटुंबात अजून एक प्रकार सापडतो. एकाच सेट-टॉप बॉक्सची पिवळी वायर वाय-जोड लावून बैठकीतल्या आणि आजींच्या खोलीतल्या, अशा दोन टीव्हींना दिलेली असते. ही वायर 75 ओहमच्या एकाच टीव्हीसाठी असते आणि त्यावर 1 व्होल्टचं चित्र येतं. दोन टीव्ही जोडले की भार 37.5 ओहमचा होतो आणि चित्र 0.67 व्होल्टवर उतरतं, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. काही सेट ही घट आपोआप भरून काढतात, काही नाही, आणि मग दोन्ही खोल्यांत मंद चित्र. एक वायर काढून बघितली आणि चित्र उजळलं, तर साधा जोड फेकून वीज लागणारा एव्ही वितरक लावायचा. एचडीएमआयला हा रोग होत नाही. तिथे चित्र येतं, अडखळतं किंवा येतच नाही, मंद होत नाही. "भारीची केबल घ्या, चित्र उजळेल" असं काउंटरवर कुणी म्हणालं तर हसून पुढे जावं.

सगळ्यात जास्त मनस्ताप हल्ली देतो तो एचडीआर, म्हणजे गडद सावलीपासून झगझगीत उजेडापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारी चित्राची पद्धत. डॉल्बी व्हिजन हा त्याचाच एक प्रकार. बातम्या झकास, क्रिकेट झकास, आणि ओटीटीवरची महागडी मालिका लावली की कोपऱ्यात एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजन अशी पाटी झळकते आणि पडदा अंधारतो. चांगली वस्तू घेऊन वाईट का दिसावं? उत्तर मोजमापात आहे. साध्या चित्रात पांढरं म्हणजे टीव्हीला जमेल तेवढं पांढरं. स्टुडिओत ते 100 निट्सवर (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) ठरवलेलं असलं तरी घरी आपण बॅकलाइट चढवून तेच पांढरं 300 निट्सवर बघतो आणि त्याचीच डोळ्यांना सवय होते. एचडीआरची प्रचलित पद्धत तसं चालू देत नाही. तिथे सिग्नलच्या प्रत्येक आकड्याला ठरावीक निट्स बांधलेले आहेत, थेट 10,000 पर्यंत. साध्या पांढऱ्या कागदासाठी आंतरराष्ट्रीय शिफारस 203 निट्सची आहे. वरची जागा सूर्य, ज्योत, धातूवरची चकाकी यांच्यासाठी राखीव. चित्रपट बहुधा 1,000 किंवा 4,000 निट्सच्या पडद्यावर तयार होतात. आपला मध्यम किमतीचा 43 इंची सेट जेमतेम 250 ते 350 देतो. ज्योतीसाठी जागा करायची म्हणून तो बाकी सगळं चित्र खाली दाबतो. दिवा आधीच पूर्ण जोरात असतो, त्यामुळे बॅकलाइट वाढवायलाही जागा उरत नाही.

इथे पहिली गोष्ट ही की ती पाटी दाखवणारी मालिका चालू असतानाच सेटिंग बदलायची. टीव्ही साध्या चित्राची, एचडीआरची आणि डॉल्बी व्हिजनची सेटिंगं वेगवेगळी लक्षात ठेवतो, बऱ्याच सेटांवर प्रत्येक एचडीएमआय खाचेचीही वेगळी. बातम्यांवर केलेली मेहनत मालिकेपर्यंत पोचतच नाही. मालिका चालू ठेवून पिक्चर मोड उघडा. डॉल्बी व्हिजनमध्ये डार्क आणि ब्राइट असे दोन मोड असतील तर दिवाणखान्यात ब्राइट. एलजीवर डायनॅमिक टोन मॅपिंग चालू. सोनीवर टोन मॅपिंगमध्ये ब्राइटनेस प्रेफर्ड. फिल्ममेकर मोड, जो 2019 साली जाहीर झाला, तो दिग्दर्शकाच्या हेतूशी प्रामाणिक आहे आणि पूर्ण अंधाऱ्या खोलीत सुरेखही दिसतो, पण ट्यूबलाइटखाली शेंगा सोलत बघायचं असेल तर तो आपल्या कामाचा नाही. एवढं करूनही अंधार हटला नाही तर बाहेरच्या बॉक्सच्या किंवा स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंदच करावा. स्वस्त सेटावर साधं चित्र नकली एचडीआरपेक्षा चांगलं दिसतं, हे कबूल करायला हरकत नाही.

आता खरंच पट्टी गेली असेल तर. आवाज येतो, चित्र नाही. खोली काळोखी करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी टेकवून तिरका धरा. आत चित्र हलताना पुसट दिसलं तर पॅनल जिवंत आहे आणि दिवे मेले आहेत. सेट चालू करताना एक-दोन सेकंद उजेड येऊन विझत असेल तरी निदान तेच. एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात. एक तुटली की वाट तुटते, त्यांना वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, व्होल्टेज चढवून बघतो, धोका ओळखतो आणि सगळंच बंद करतो. टॉर्चने काहीच दिसलं नाही तर शंका पॅनलला चित्राचे संकेत देणारं टी-कॉन कार्ड, त्याची रिबन किंवा पॅनलवर जाते. पडद्यावर चांदण्यांसारखे पांढरे ठिपके असतील तर एलईडीवरची भिंगं गळून पडली आहेत. चित्र निळं-जांभळं झालं असेल तर एलईडीवरचा पिवळा लेप, म्हणजे फॉस्फर, जळाला आहे आणि तो सेट थोड्याच दिवसांचा सोबती आहे.

हे काम घरी करू नये, कारागिराकडून करून घ्यावं, पण काय विचारायचं ते ठाऊक असावं. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर वीज काही काळ उरू शकते. आणि पॅनलची काच उचलायला दोन माणसं किंवा सक्शन कप हवेतच. कडेच्या नाजूक फिती मोडल्या की पट्टीचं काम पॅनलवर जातं, आणि नवं पॅनल सहसा परवडत नाही. इंदूरच्या महाराणी रोडच्या बाजारात पट्टी घ्यायला जाताना टीव्हीचं मॉडेल पुरत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनलं निघतात. पॅनलच्या पत्र्यावरच्या चिकटपट्टीचा आणि जुन्या पट्टीवर छापलेल्या क्रमांकाचा फोटो न्यावा. लांबी, एलईडींची संख्या, एक एलईडी 3 व्होल्टची की 6 व्होल्टची, खुंट्यांची छिद्रं आणि कनेक्टर, हे सगळं जुळलं पाहिजे.

"दादा, एकच बल्ब बदलून द्या" असा आग्रह धरू नये. बाकीच्या एलईडी तितकेच तास जळलेल्या असतात. एक नवी घातली तर तिथे पांढरा डाग दिसतो आणि दोन महिन्यांत शेजारची जाते. पूर्ण संच बदलावा. त्याहून महत्त्वाचं, दिवे कशामुळे मेले ते विचारावं. बऱ्याच स्वस्त सेटांत एलईडींना सोसेल त्याच्या काठावर करंट दिलेला असतो. जाणकार कारागीर ड्रायव्हरच्या करंट मोजणाऱ्या समांतर रेझिस्टरांपैकी एक काढतो. सारख्या ओहमचे तीन असतील आणि एक काढला तर करंट दोन तृतीयांशावर येतो. डोळ्याला उजेडातली ही घट त्या मानाने फारच थोडी जाणवते, आणि एलईडी कितीतरी थंड राहतात. ज्याला हे करायचं नाही त्याने निदान बॅकलाइट 100 वरून 70 वर आणून ठेवावा.

जोडणी करताना पंखा बंद हवा. पॅनलमागे प्रकाश पसरवणाऱ्या पांढऱ्या पातळ पडद्यांचा क्रम आणि बाजू जशी निघाली तशीच परत बसली पाहिजे, आणि त्यांच्यामध्ये माळव्याची काळी धूळ अडकली तर ती चित्रात कायमची सावली म्हणून राहते. पॅनल बसवण्याआधी पट्ट्या टेस्टरवर पेटवून प्रत्येक भिंग उजळतंय का ते बघून घ्यावं. आणि सगळं बसल्यावर, मागचे स्क्रू आवळण्याआधी, पूर्ण पांढरं चित्र लावून सेट तासभर चालू ठेवायला सांगावं. पट्टीला उष्णता वाहून नेणारी चिकटपट्टी नीट बसली नसेल तर त्या तासाभरात कोपरा पिवळा पडायला लागतो आणि ते कारागीर दारात असतानाच कळलेलं बरं.